क्यूएमूच्या डिव्हाइस कोडवर अ‍ॅड्रेस सॅनिटायझर: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी कामाचं सांगतो. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर, आम्ही नुसतं एसॅन म्हणतो, प्रोग्राम चालू असताना मेमरीत नको तिथे हात घातला की पकडतो, फुकट आहे, क्लँग आणि जीसीसी या दोन्ही कंपायलरमध्ये आधीच येतो (क्लँगमध्ये २०१२ पासून, जीसीसीत २०१३ ला ४.८ आलं तेव्हापासून), आणि तुम्ही व्हर्च्युअल मशीनच्या डिव्हाइस एम्युलेशनचा (खऱ्या डिव्हाइसची सॉफ्टवेअरमधली नक्कल) कोड लिहीत असाल किंवा दुसऱ्याचा तपासत असाल तर तो न लावता पॅच पुढे ढकलणं म्हणजे येडेपणा आहे. ५ पैकी ४ स्टार. पाचवा का कापला ते खाली येईलच, खरं तर त्या कापलेल्या स्टारसाठीच लिहायला बसलोय, कारण आमच्याकडे "एसॅन साफ आहे, मर्ज करून टाका ना भिया" हे हल्ली जरा जास्तच ऐकू येतं.

आम्ही इंदूरला सुपर कॉरिडॉरच्या बाजूला बसतो, टीम छोटी, काम असं की बोर्ड हातात यायच्या आधी त्याचं फर्मवेअर क्यूएमूवर, म्हणजे सगळं मशीन सॉफ्टवेअरमध्ये उभं करणाऱ्या एम्युलेटरवर, चालवून बघायचं, म्हणजे त्या बोर्डावरची डिव्हाइसं, डीएमए (सीपीयूला मधे न घेता थेट मेमरीत लिहिणं-वाचणं), टायमर, नेटवर्क कार्ड वगैरे, सगळी सीमध्ये आम्हीच लिहायची. आता या कोडमध्ये मेमरीची गडबड म्हणजे साध्या अ‍ॅपमधल्या गडबडीसारखी नसते. इथे रजिस्टरमध्ये काय लिहायचं, डिस्क्रिप्टरमध्ये (डेटा कुठे आणि किती ते सांगणारी नोंद) लांबी किती टाकायची हे सगळं गेस्ट, म्हणजे आत चालणारी सिस्टिम, ठरवतो, आणि तो आकडा घेऊन आपला कोड होस्टच्या, म्हणजे बाहेरच्या खऱ्या मशीनच्या, प्रोसेसमध्ये पळतो. एक चेक राहिला की गेस्टमधला माणूस होस्टच्या मेमरीत लिहू शकतो, विषय संपला.

लावायला सोपं. नव्या क्यूएमूत कॉन्फिगर करताना एसॅनचा वेगळा ऑप्शन आहे, जुन्यात सगळे सॅनिटायझर एकाच ऑप्शनमध्ये होते. बिल्ड डिरेक्टरी मात्र वेगळी ठेवा, रोजच्या बिल्डमध्ये घुसवू नका, नाहीतर दिवसभर मेक बघत बसाल. स्पीड साधारण निम्मी होते असं धरून चाला, पण गंमत अशी की केव्हीएमवर (लिनक्समधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) गेस्ट चालवत असाल तर गेस्टचा कोड थेट सीपीयूवर पळतो, एसॅन फक्त क्यूएमूच्या स्वतःच्या सी कोडवर बसलेला असतो, त्यामुळे बूट होताना फारसा फरक जाणवत नाही, डिव्हाइसची ये-जा वाढली की मग जाणवतो. टॉप (प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) उघडलं आणि व्हर्च्युअल मेमरी २० टीबी दिसली तर घाबरू नका, ती शॅडो मेमरीसाठी राखून ठेवलेली अ‍ॅड्रेसची जागा आहे, खरी रॅम नाही. दर ८ बाइटमागे १ शॅडो बाइट असा हिशोब आहे, त्यात कुठले बाइट वापरायला परवानगी आहे ते लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक लोड-स्टोअरच्या आधी कंपायलरने घातलेला कोड ते बघून घेतो.

रिपोर्ट मला सगळ्यात आवडतो. फ्री झालेल्या मेमरीला हात लावला की तीन स्टॅक देतो: हात कुठे लावला, फ्री कुठे झाली, मुळात अलोकेट कुठे झाली होती. डिव्हाइस कोडमध्ये हे सोन्यासारखं आहे. आमच्याकडे नेहमीचा प्रकार म्हणजे टायमर. रिअलाइझमध्ये (डिव्हाइस उभं करणारं फंक्शन) टायमर बनवला, अनरिअलाइझमध्ये (ते मोडणारं) सोडायचा राहिला, डिव्हाइस हॉट-अनप्लग केलं, म्हणजे चालू मशीनमधून काढलं, ऑब्जेक्ट गेला आणि मग टायमर वाजला, कॉलबॅकला मिळालेला पॉइंटर मेलेला. साध्या बिल्डमध्ये हे दहातून नऊ वेळा गुपचूप चालून जातं. एसॅनवर जागच्या जागी आपटतं, आणि तीन स्टॅक वाचले की पॅचवर कॉमेंट काय लिहायची हेही आयतं मिळतं.

जुनी उदाहरणं घेऊन बघा म्हणजे कळेल. २०१५ च्या मे महिन्यात व्हेनम नावाचा घोळ बाहेर आला, फ्लॉपी कंट्रोलरमध्ये, आणि तो कोड २००४ पासून तसाच पडून होता. फ्लॉपी कोण वापरतंय म्हणाल, तर फ्लॉपी न लावताही कंट्रोलर आत असायचाच. ५१२ बाइटचा फिफो (आधी आलेलं आधी बाहेर असा बफर), गेस्ट एकेक बाइट पोर्टवर टाकतो, इंडेक्स पुढे सरकतो, आणि ठराविक कमांडनंतर तो वेळेवर शून्यावर यायचा नाही, मग गेस्ट लिहीतच जातो. हा फिफो वेगळा अलोकेट केलेला होता. म्हणजे ती कमांड पाठवणारी टेस्ट एसॅनवर चालवली असती तर ५१३ वा बाइट रेडझोनला, म्हणजे एसॅनने अलोकेशनभोवती ठेवलेल्या मनाईच्या पट्ट्याला, लागताच बोंब झाली असती. इथे एसॅनला पूर्ण मार्क.

आता दुसरं बघा, सीव्हीई-२०२०-१४३६४ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या घोळाला मिळणारा जाहीर नंबर), यूएसबीच्या कोअर कोडमधलं. गेस्टकडून सेटअप पॅकेट येतं, त्यात लांबी असते, कोडने ती डिव्हाइसच्या स्टेटमध्ये सेटअप_लेन म्हणून ठेवली, आणि मग खालच्या ओळीत तपासलं की ४०९६ पेक्षा मोठी आहे का, असेल तर स्टॉल (यूएसबीतला नकार) देऊन परत. वाचताना एकदम बरोबर वाटतं, चेक आहे ना! पण परत जाताना ती मोठी लांबी स्टेटमध्ये तशीच राहिली, आणि पुढच्या डेटा पॅकेटने तीच वापरली. दुरुस्ती एवढीच की लांबी आधी लोकल व्हेरिएबलमध्ये घ्यायची, तपासायची, मगच स्टेटमध्ये टाकायची.

आणि इथेच माझा तो एक स्टार कापला गेलाय. डेटा_बफ हा ४०९६ बाइटचा अ‍ॅरे वेगळा अलोकेट केलेला नाही, तो यूएसबी डिव्हाइसच्या स्ट्रक्टच्या पोटात आहे, आणि त्याच्या पुढे सेटअप_स्टेट, सेटअप_लेन, सेटअप_इंडेक्स बसलेत. अ‍ॅरेच्या बाहेर लिहिलं तरी तुम्ही त्याच ऑब्जेक्टच्या आत असता, सगळे बाइट वापरायला परवानगी असलेले, मग एसॅन कशाला बोलेल? जुन्या वाड्याच्या दिंडीवर पहारेकरी बसवलाय, बाहेरचा आत येत नाही हे खरं, पण आतला एक भाडेकरू दुसऱ्याच्या खोलीत सामान टाकायला लागला तर त्याला काय पत्ता. आणि या स्ट्रक्टमध्ये जे दुसऱ्याच्या खोलीत जातं ते म्हणजे इंडेक्स आणि लांबीच, म्हणजे पुढचं लिखाण कुठे आणि किती हेच गेस्टच्या हातात. फार लांब उडी मारली, ऑब्जेक्टच्या बाहेर रेडझोनमध्ये, तरच एसॅनला दिसणार, आणि रेडझोनही ओलांडून दुसऱ्या जिवंत ऑब्जेक्टमध्ये पडलात तर परत शांतता.

क्यूएमूची जवळजवळ सगळी डिव्हाइसं अशीच लिहिलेली असतात हो. एक मोठं स्टेट स्ट्रक्ट, त्यात रजिस्टर, फिफो, बफर, इंडेक्स सगळं एकत्र. म्हणून मी रिव्ह्यूला बसलो की आधी एसॅनचा निकाल बघतच नाही, स्ट्रक्ट उघडतो. कुठले अ‍ॅरे आत आहेत, त्यांच्या मागे काय आहे, त्यांचे इंडेक्स कोण हलवतं, आणि मायग्रेशनमधून (चालू व्हर्च्युअल मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवणं) ते इंडेक्स परत लोड होताना कोणी तपासतंय का. शेवटचं बरेच जण विसरतात, मायग्रेशनची स्ट्रीमसुद्धा बाहेरून आलेला डेटाच आहे.

मग अलोकेशन. क्यूएमूत साधं मॅलॉक वापरायचं नाही, ग्लिब लायब्ररीचं जी_मॅलॉक, आणि ते फेल झालं की नल देत नाही, सरळ प्रोसेस अबॉर्ट. स्वतःच्या स्ट्रक्टसाठी छानच, चेक लिहायची कटकट नाही. पण गेस्टने दिलेला आकडा तसाच त्यात टाकला तर गेस्टला मशीन पाडायचं बटण दिलं. तिथे आधी मर्यादा घालायची, नाहीतर जी_ट्राय_मॅलॉक. आणि साइझ गुणिले काउंट हाताने करणारा पॅच मी डोळे झाकून परत पाठवतो, जी_न्यू आहे ना, गुणाकार ओव्हरफ्लो झाला तर तेच पकडतं. एसॅन इथे काही मदत करत नाही, ओव्हरफ्लो होऊन छोटा बफर मिळाला तर तो बफर त्याच्या दृष्टीने वैधच, पुढे कोणी बाहेर लिहिलं तरच कळणार.

तिसरी गोष्ट डीएमए. डिस्क्रिप्टर गेस्टच्या रॅममध्ये असतो, आपण मॅप करून पॉइंटर घेतला, लांबी वाचली, तपासली, आणि वापरताना परत पॉइंटरमधूनच वाचली, तर मधल्या वेळात गेस्टचा दुसरा व्हीसीपीयू (व्हर्च्युअल सीपीयू) ती बदलू शकतो. एकदाच कॉपी करा, मग कॉपीच तपासा आणि कॉपीच वापरा. टेस्टमध्ये हे वेळेचं गणित जुळणं जवळपास अशक्य, म्हणून एसॅनच्या रिपोर्टात ते येतच नाही, वाचूनच सापडतं. गेस्टने डीएमएचा पत्ता त्याच डिव्हाइसच्या एमएमआयओवर (मेमरीच्या पत्त्यांवर दिसणारी रजिस्टरं) ठेवला तर डिव्हाइस स्वतःच्याच हँडलरमध्ये परत शिरतं, आतल्या फेरीत बफर फ्री होतो, बाहेरची फेरी तो वापरते. यावर २०२३ मध्ये क्यूएमूत रीएंट्रन्सी गार्ड आला, तरी बॉटम हाफ (नंतर उरकायला ठेवलेलं काम) बनवताना गार्डवालं फंक्शन वापरलंय का ते बघावं लागतंच.

आमच्या टीममधला एक पोरगा, नुकताच लागलाय, मला म्हणाला, "दादा, मग एसॅन चालवायचाच कशाला, सगळं वाचूनच बघायचं आहे तर?" अरे बाबा, वाचून दमशील म्हणूनच तर. फुटकळ चुका त्याने गोळा केल्या की डोकं या असल्या ठिकाणी लावता येतं. त्याला जोडीला फझर द्या, क्यूएमूत लिबफझरवर चालणारे डिव्हाइस फझर आधीच आहेत, एसॅन एकटा नुसता बसून राहतो, त्याच्यासमोर विचित्र इनपुट आणून टाकणारा कोणी पाहिजे. क्रॅश सापडला की क्यूटेस्टच्या (क्यूएमूची डिव्हाइस तपासायची सोय) कमांडमध्ये, अमुक पोर्टवर हा आकडा लिही, अमुक पत्त्यावर तो, असा छोटा रिप्रोड्यूसर बनतो आणि तोच टेस्ट म्हणून ठेवता येतो. हे जोडकाम मात्र जबरदस्त आहे, याच्यावर पोहे-जिलेबी माझ्याकडून.

लीक पकडणाऱ्या भागाबद्दल थोडकं. लिनक्सवर तो सोबतच येतो, प्रोसेस संपताना बघतो की कुठल्या मेमरीकडे कोणाचाच पॉइंटर नाही. रिअलाइझ अर्ध्यात फेल झाल्यावर आधी घेतलेलं सोडलंय का, हे त्याने छान कळतं, फक्त तो फेल होणारा रस्ता टेस्टमध्ये चालला पाहिजे. पण एखादं मेलेलं डिव्हाइस यादीत लटकून राहिलं, रेफरन्स काउंट कमी करायचा राहिला, तर त्याच्या लेखी लीक नाही, कारण पॉइंटर आहे. सिस्टिमवर ग्लिब २.७६ च्या आधीचं असेल तर त्यातला स्लाइस अलोकेटर (मेमरीचे छोटे तुकडे स्वतःच वाटणारा) आपलं वेगळंच चालवतो, तो एन्व्हायर्नमेंटमधून बंद करून मगच निकालावर विश्वास ठेवा. फ्री झालेल्या मेमरीसाठी २५६ एमबीचं क्वारंटाइन (ती लगेच परत न वाटता अडवून ठेवायची जागा) डीफॉल्ट असतं, लांब चालणाऱ्या टेस्टमध्ये ते भरून जुनी मेमरी परत वापरात येते आणि उशिरा लावलेला हात निसटतो, आम्ही रॅम असेल त्या मशीनवर ते वाढवून ठेवतो.

आणि व्हॅलग्राइंड, मेमरीच्या चुका शोधणारं जुनं टूल, अनइन्स्टॉल करू नका. त्यातला मेमचेक २०-३० पट हळू आहे, मान्य, गेस्ट बूट करायला लावलं तर सराफ्यात जाऊन भुट्टे का कीस खाऊन परत याल तरी चालूच असेल. पण इनिशियलाइझ न केलेली मेमरी एसॅनला दिसत नाही, मेमचेकला दिसते, आणि डिव्हाइस कोडमध्ये ते साधं प्रकरण नाही, डीएमए रीड फेल झालं, रिटर्न व्हॅल्यू कोणी बघितली नाही आणि तोच बफर पुढे गेस्टला परत दिला तर होस्टच्या हीपचे तुकडे गेस्टला जातात. म्हणून आम्ही रोजच्या सीआयला (आपोआप चालणारं बिल्ड आणि टेस्ट) एसॅन लावलाय, आणि नवीन डिव्हाइसच्या छोट्या क्यूटेस्ट, गेस्ट बूट न करता चालणाऱ्या, तेवढ्या रात्री मेमचेकखाली चालवतो.