शाळा बुडवल्याबद्दल टेक्सासमध्ये न्यायालयाची वारी : एका पालकाचा अभिप्राय

माझ्या 15 वर्षांच्या मुलाच्या नावे समन्स आले, तेव्हा पुण्याहून आईने फोनवर 'त्याने केले तरी काय?' असे विचारले आणि 'शाळा बुडवली' एवढेच उत्तर मला देता आले. टेक्सासमध्ये हा पूर्वी फौजदारी गुन्हा होता. 1 सप्टेंबर 2015 पासून तो दिवाणी स्वरूपाचा झाला. समन्सची भाषा वाचून पोटात गोळा येतो, म्हणून हे आधी सांगितले.

एकाच शैक्षणिक वर्षात सहा महिन्यांच्या आत दहा किंवा अधिक दिवस, 'किंवा दिवसांचे भाग', विनापरवानगी गैरहजेरी लागली की शाळा प्रकरण न्यायालयाकडे पाठवते. मेख आहे ती 'दिवसांचे भाग' या शब्दांत. आमच्या हजेरीपत्रकावर 11 नोंदी होत्या : सहा डिसेंबरच्या सुट्टीला जोडून लग्नासाठी बुडवलेल्या दिवसांच्या, तर उरलेल्या पाच केवळ पहिल्या तासाच्या. प्रकरण न्यायालयाकडे पाठवण्याआधी शाळेने प्रतिबंधक उपाय करून पाहणे कायद्याने आवश्यक आहे. आमच्या वाट्याला एक छापील पत्र आले.

सुनावणी जस्टिस ऑफ द पीसच्या, म्हणजे किरकोळ प्रकरणे ऐकणाऱ्या स्थानिक न्यायाधीशाच्या, छोट्या न्यायालयात होती. नऊला बोलावले आणि पुकारा सव्वाअकराला झाला, एवढी एकच तक्रार न्यायालयाबद्दल आहे. न्यायाधीश मुलाशी थेट, सावकाश बोलले : आरोप काय, परिणाम काय, गप्प राहण्याचा, वकील घेण्याचा आणि सहा जणांच्या ज्यूरीपुढे सुनावणी मागण्याचा हक्क कोणता. मुलाने उत्तरच दिले नाही, तर त्याने आरोप नाकारला असे धरतात, आणि प्रकरण दिवाणी असूनही आरोप निःसंशय सिद्ध करावा लागतो, हे मला तिथेच कळले.

पहिल्या तासांपैकी दोन दिवसांच्या दंतवैद्याच्या चिठ्ठ्या आम्ही शाळेत दिल्या होत्या, पण त्यांची नोंदच झालेली नव्हती. त्या दाखवल्यावर 11 चे नऊ झाले आणि प्रकरण तिथेच संपले. तसे झाले नसते, तर समुपदेशन, शिकवणी, आठवड्याला 16 तासांपर्यंत समाजसेवा, फार तर वाहन परवान्यावर गदा, असा आदेश निघू शकला असता. पालकाचा निष्काळजीपणा मात्र अजूनही फौजदारीत मोडतो आणि पहिल्या वेळी 100 डॉलरपर्यंत दंड होतो; लग्नाची तिकिटे मीच काढली होती, त्यामुळे न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिले तेव्हा मी नजर खाली घातली.

निघताना कारकुनाने हजर राहिल्याची शिक्का मारलेली चिठ्ठी दिली, कारण न्यायालयात घालवलेला तो दिवसही शाळेत गैरहजेरी म्हणूनच लागतो आणि चिठ्ठीनेच माफ होतो. या वेळी शाळेत देण्याआधी मी तिची झेरॉक्स काढून ठेवली.