शाळेचा विस्कटलेला दिवस बघून घ्या: ऑटिझम असलेल्या मुलाच्या शाळेचा वर्षभराचा अनुभव

मुलगा आठ वर्षांचा. ऑटिझमचं निदान शाळेत घालायच्या आधीच झालेलं. बोलतो, पण मोजकं आणि कामापुरतं. वाचन वयाच्या पुढे, लिहायला मात्र अजिबात नको. गोंगाट आणि ऐनवेळी झालेले बदल या दोन गोष्टींनी त्याचा अख्खा दिवस कोलमडतो. हे आधीच सांगते, कारण खाली जे लिहिलंय ते अशा मुलाला धरून आहे. डिस्लेक्सिया, श्रवणदोष किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी शाळा शोधणाऱ्यांना यातलं काही उपयोगी पडेल, काही नाही.

आम्ही घेतली ती नेहमीचीच शाळा, पण स्वतःची रिसोर्स रूम असलेली. मुलगा बराचसा वेळ वर्गात असतो आणि रोज एखाद-दुसरी तासिका रिसोर्स रूममध्ये विशेष शिक्षिकेकडे. वर्ष आता संपत आलंय. थोडक्यात विचाराल तर समाधानी आहे, पुन्हा हीच शाळा घेईन. पण दोन बाबतींत त्यांच्या मागे सारखं लागावं लागलं आणि अजूनही लागावं लागतंय.

निवडताना

शाळा बघायला गेलं की आधी खोल्या दाखवतात. सेन्सरी रूम, म्हणजे गोंधळलेल्या मुलाला शांत व्हायला केलेली खोली, तिथला झोपाळा, रंग बदलणारे दिवे, गुबगुबीत गाद्या. सगळं छान असतं आणि निर्णय घ्यायला फारसं उपयोगी नसतं. एका ठिकाणी त्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. आम्ही बाहेर उभे, शिपाई वर-खाली धावतोय आणि समन्वयक बाई हसून सांगतायत की मुलं इथे रोज येतात.

माझा भर एकाच प्रश्नावर होता: वर्गशिक्षिका अचानक रजेवर गेल्या तर त्या दिवशी काय होतं? सुरळीत दिवशी बहुतेक शाळा बऱ्या असतात. आमच्यासारख्यांच्या मुलांचं सगळं गाडं अडतं ते मधल्या सुट्टीत, बदली शिक्षक आल्यावर, स्नेहसंमेलनाच्या तालमींच्या काळात, शाळा सुटतानाच्या रेटारेटीत. वेळापत्रकात ज्याला रकाना नाही त्या वेळेत शाळा कशी वागते, हे मला बघायचं होतं.

उत्तरं ऐकण्यासारखी होती. एका मुख्याध्यापकांनी सांगितलं, "आमच्याकडे शिक्षक रजा घेतच नाहीत." दुसरीकडे, "तेवढ्यापुरतं तुम्ही घरी ठेवा ना त्याला." आम्ही घेतलेल्या शाळेतल्या विशेष शिक्षिका मात्र काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी खण उघडला आणि एक फाइल काढली. प्रत्येक मुलाचं एक पान, बदली शिक्षकांसाठी, ठळक अक्षरात. वरचं नाव हाताने झाकून त्यांनी मला एक पान वाचायला दिलं. त्यावर साधारण असं होतं: कान झाकले तर हात धरू नका, बाजूला व्हा. 'पाणी' म्हणाला तर बहुतेक वेळा त्याला बाहेर जायचं असतं, जाऊ द्या, परत येतो. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा, मगच पुन्हा विचारा. सुट्टी संपायच्या आधी कार्ड दाखवा. कुणाजवळ बसतो, कुणाजवळ बसवू नये. बस, एवढंच. निदानाचं नाव त्या पानावर कुठेही नव्हतं, ते मला विशेष आवडलं. निदान कळून बदली शिक्षिकेला त्या दिवशी काय करायचं ते कळत नाही.

तिथेच अर्धा निर्णय झाला.

उरलेला अर्धा टाळीने झाला. रिकाम्या वर्गात उभं राहून एक जोरदार टाळी वाजवायची आणि आवाज किती वेळ घुमतो ते ऐकायचं. हा काही माझा शोध नाही. वर्गातल्या आवाजासाठी अमेरिकेत २००२ पासून मानक आहे: नेहमीच्या आकाराच्या रिकाम्या वर्गात मागचा आवाज ३५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा आणि घुमण्याचा काळ ०.६ सेकंदाच्या आत असावा. आपण काही यंत्र घेऊन जात नाही, पण उंच छत, फरशी, उघड्या भिंती आणि लोखंडी पायांच्या खुर्च्या असल्या की टाळीच सगळं सांगते. ऑटिझम असो, श्रवणयंत्र असो की लक्ष टिकत नसो, अशा वर्गात शिक्षकाचे शब्द वेगळे काढतानाच मूल थकून जातं. मग घरी आल्यावर ते का चिडतं याची कारणं आपण भलतीकडे शोधत बसतो. जाता जाता छताकडेही बघा. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभर किंवा एकशे वीस वेळा लुकलुकतात. बहुतेकांना ते जाणवत नाही. काही मुलांना त्याचा आणि त्या चोकच्या गुणगुणण्याचा त्रास होतो.

या शाळेत छत उंचच होतं. पण मागच्या भिंतीवर सॉफ्टबोर्ड लावलेले होते आणि खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे चिकटवलेले होते. कुणीतरी खाली वाकून ते एकेक चिकटवलं असणार. मला ते सेन्सरी रूमपेक्षा महत्त्वाचं वाटलं.

विशेष शाळा की नेहमीची?

हा प्रश्न मला रोज विचारला जातो आणि असा मोघम विचारला की त्याचं उत्तर देता येत नाही. स्पेनमधल्या सालामांका शहरात १९९४ साली ९२ देशांच्या सरकारांनी ठरवलं की मुलं नेहमीच्या शाळेत यावीत आणि शाळांनी त्यांच्यासाठी बदलावं. पण त्याच जाहीरनाम्यात सबळ कारण असेल तर वेगळा मार्ग मान्य केलाय. सोबतच्या आराखड्यात तर स्पष्ट म्हटलंय की कर्णबधिर आणि बधिर-अंध मुलांचं शिक्षण त्यांच्या संवादाच्या गरजांमुळे विशेष शाळेत किंवा नेहमीच्या शाळेतल्या खास वर्गात जास्त योग्य ठरू शकतं. म्हणजे विशेष शाळा निवडली म्हणून कुणी मान खाली घालायची गरज नाही. खुणांची भाषा बोलणारी चार मुलं आणि तीच भाषा सहज येणारी शिक्षिका जिथे आहे, ती शाळा त्या मुलासाठी जास्त समावेशक असते. सगळ्यांसोबत बसून दिवसभर काहीच न समजण्याला समावेश म्हणत नाहीत.

आमच्या मुलाला दुसऱ्या मुलांचं बघून शिकता येतं, हे आम्हाला माहीत होतं. म्हणून नेहमीची शाळा. तो धागा नसता तर मी वेगळं ठरवलं असतं.

शॅडो टीचर

यावर माझं मत नातेवाइकांनाही आवडत नाही, तरी लिहिते. बऱ्याच शाळा प्रवेश देताना अट घालतात: पूर्णवेळ शॅडो टीचर, म्हणजे फक्त तुमच्या मुलाजवळ बसणारा मदतनीस, तुम्ही आणा. दोन ठिकाणी आम्हाला हेच सांगितलं आणि आम्ही तिथून उठलो. मदतनीस नको असं नाही. ज्या मुलाला शौचाला न्यायला, हालचालीला किंवा सुरक्षिततेसाठी माणूस लागतो त्याला तो हवाच. पण मदतनीस मुलाला चिकटून बसला की वर्गशिक्षिका हळूहळू त्या मुलाकडे बघणं सोडतात. प्रश्नसुद्धा मदतनिसालाच विचारतात: "झालं का त्याचं?" बाकीची मुलं लांब राहतात, कारण मध्ये एक मोठं माणूस बसलेलं असतं. व्हरमाँट विद्यापीठातले मायकल जियानग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये वर्गांमधली निरीक्षणं मांडली, त्यात हेच आहे. त्यानंतर इंग्लंडमध्ये २००३ ते २००८ या काळात पीटर ब्लॅचफर्ड यांच्या नेतृत्वाखाली मोठा अभ्यास झाला. तिथे आढळलं की ज्या मुलांना सहायकांची मदत जास्त, त्यांची अभ्यासातली प्रगती तशाच पण कमी मदत मिळालेल्या मुलांपेक्षा कमी. संशोधकांनी दोष सहायकांना दिला नाही. त्यांना तयारीला वेळ नाही, शिक्षकांशी बोलायला वेळ नाही आणि सगळ्यात अवघड मुलांचं शिकवणं मात्र त्यांच्यावर, ही व्यवस्थाच चुकीची आहे असं त्यांचं म्हणणं.

आमच्या शाळेत एक मदतनीस ताई अख्ख्या वर्गासाठी आहेत. सुरुवातीचे काही आठवडे त्या माझ्या मुलाच्या जवळ बसायच्या, मग मागच्या बाकावर, आता वर्गभर फिरतात. हे मागे सरकणं आपोआप झालेलं नाही, ते आधीच कागदावर लिहिलेलं होतं. तुम्हाला मदतनीस घ्यावाच लागणार असेल तर पहिल्याच बैठकीत विचारा की तो मागे कधी आणि कसा सरकणार. तिथे जर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले तर समजून जा.

काय जमलं

सगळ्यात जास्त फायदा झाला तो चित्रांच्या वेळापत्रकाचा. ही पद्धत एरिक शॉप्लर आणि सहकाऱ्यांनी उत्तर कॅरोलिना विद्यापीठात घडवलेल्या 'टीच' कार्यक्रमातून जगभर पसरली. १९७२ मध्ये तो त्या राज्याचा अधिकृत कार्यक्रम झाला. तत्त्व सोपं आहे: कानाने ऐकलेलं उडून जातं, डोळ्यासमोरचं टिकतं. बाकाच्या कडेला एक उभी पट्टी, त्यावर वेल्क्रोने लावलेली कार्डं. तासिका संपली की कार्ड काढून खालच्या पाकिटात टाकायचं.

एकदा मी वर्गाबाहेर थांबले होते तेव्हा संगीताचा तास रद्द झाला. आधीच्या शाळेत एवढ्यावरून उरलेला दिवस हातचा गेला असता. विशेष शिक्षिका आल्या, त्याच्या शेजारी खाली बसल्या आणि काही न बोलता 'बदल' असं लिहिलेलं केशरी कार्ड त्याच्या हातात दिलं. त्याने पट्टीकडे बघितलं. संगीताचं कार्ड खरवडून काढलं, केशरी लावलं, पुन्हा काढलं, वाकडं बसलं होतं म्हणून सरळ लावलं. मग त्याखाली चित्रकलेचं कार्ड. तोंडाने "नाही नाही" चालू होतं, पण हात काम करत होते. नंतर मी विचारलं तेव्हा कळलं की केशरी कार्ड आधी कित्येक दिवस फक्त आवडत्या बदलांसाठी वापरलं होतं: लवकर सुट्टी, जास्तीचा खेळ. नावडत्या बदलासाठी ते बाहेर काढलं ते त्याची भीती गेल्यावरच. असलं काही माहितीपत्रकात छापून येत नाही.

लिखाणात प्रगती आहे, पण संथ. फळ्यावरून उतरवणं बंद करून छापील कागदावरून उतरवायला दिलं, तेव्हा अर्धा त्रास कमी झाला. परीक्षेत थोडी उत्तरं तोंडी घेतात.

काय खटकलं

पहिलं, आयईपी, म्हणजे मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा. अमेरिकेच्या १९७५ च्या कायद्यातून आलेली ही गोष्ट आता बऱ्याच शाळांमध्ये रुजलीय, निदान फाइलपुरती तरी. आमच्या पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, 'लेखनकौशल्यात सुधारणा होईल.' याला ध्येय म्हणत नाहीत, शुभेच्छा म्हणतात. बसून बदलून घेतलं: छापील कागदावरून तीन ओळी, मध्ये एकदा थांबून, आठवणीची एकच सूचना देऊन. आता ते जमलं की नाही हे कुणालाही सांगता येतं. पण त्यानंतर तो कागद जो फाइलीत गेला तो सहामाहीपर्यंत मी मागेपर्यंत बाहेरच आला नाही. पुढच्या आढाव्याची तारीख त्याच बैठकीत ठरवून घ्या आणि त्या तारखेच्या आठवडाभर आधी स्वतः फोन करा. शाळा करेल याची वाट बघू नका.

दुसरं, रोजची डायरी. 'आज छान होता.' 'आज थोडा अस्वस्थ होता.' अशा नोंदींचं करायचं काय? मुलगा स्वतः घरी येऊन काही सांगत नाही, त्यामुळे तीच आमची खिडकी. बऱ्याच चर्चेनंतर आम्हीच एक छोटा तक्ता छापून दिला: बिनसलं तर त्याच्या आधी काय चाललं होतं, मग त्याने काय केलं, मग मोठ्यांनी काय केलं. तीन रकाने, जास्तीत जास्त तीन ओळी. विशेष शिक्षिका भरतात, वर्गशिक्षिका विसरतात. तरी तेवढ्यावरूनसुद्धा लक्षात आलं की बहुतेक वेळा बिनसतं ते सुट्टीनंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत, म्हणजे मुलं जिन्यात रांग लावतात तेव्हा. आता तो रांगेच्या आधी वर जातो, हजेरीचं रजिस्टर घेऊन. काम मिळालं म्हणून खूशही असतो.

स्नेहसंमेलनाच्या महिन्यात मात्र सगळं कोलमडलं. तालमी, माइक, रद्द तासिका, आणि रिसोर्स रूममध्ये पोशाखांचे गठ्ठे. विशेष शिक्षिकाही नाच बसवण्यात अडकल्या. मी तक्रार केली तेव्हा मुख्याध्यापिकांनी मान्य केलं आणि दिवसातला एक तास खोली मोकळी करून दिली. पूर्ण उपाय नाही, पण उडवून लावलं नाही. ज्या मुलाला नियमित स्पीच (वाचा) किंवा ओटी (ऑक्युपेशनल) थेरपी शाळेतच मिळते, त्याच्या पालकांनी हा महिना आधीच विचारून ठेवावा. आमच्याकडे तर त्या काळात थेरपीची सत्रं सरसकट बुडाली.

ही रचना कुणासाठी नाही, तेही सांगते. दिवसाचा बहुतेक वेळ ज्याला एकास एक शिकवावं लागतं, ज्याला ब्रेल किंवा खुणांची भाषा रोज आणि सगळ्यांकडून हवी, किंवा ज्याच्या वैद्यकीय गरजा मोठ्या आहेत, त्याला एका रिसोर्स रूमची शाळा पुरणार नाही. तिथे चांगली विशेष शाळा बघा, आणि तिथेही रजेचा तोच प्रश्न विचारा.

पुढच्या वर्षी त्याचा वर्ग वरच्या मजल्यावर जातोय आणि दर तासाला शिक्षक बदलणार आहेत. मी शाळेकडे तीन गोष्टी मागितल्यात: नवीन शिक्षकांचे फोटो सुट्टी लागायच्या आधी, वेळापत्रक दोन आठवडे आधी, आणि रिकाम्या नव्या वर्गात त्याला काही वेळा बसून बघायची परवानगी. पहिल्या दोन मिळाल्या. तिसऱ्यावर "बघू" म्हणालेत, सोमवारी पुन्हा जाते.