"तुमचा राउटर आमच्या फायबरला चालत नाही" असं कोणी म्हणालं तर पैसे काढायच्या आधी हे वाचा

मिरजेला आईबाबांकडे गेल्या पावसाळ्यात फायबर घेतलं, ३०० एमबीपीएसचा प्लॅन. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण लबाडी कंपनीची, फ्रँचायझीवाल्याची की नुसती त्या जोडायला आलेल्या पोराची हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. पण ऑफिसात विषय काढला तर अजून दोघांकडे सेम टू सेम प्रकार झालेला निघाला, म्हणून लिहितोय.

घरी चांगला राउटर होता, मीच पुण्याहून नेऊन दिलेला, सगळे पोर्ट (वायर लावायची भोकं) गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसपर्यंत चालणारे. तो मुलगा बाबांना म्हणाला, काका हा जुन्या केबलच्या नेटचा आहे, फायबरला नाही चालत, आमच्याकडचाच घ्यावा लागतो. बाबा रिटायर्ड मास्तर, सहज ऐकणारे नाहीत, म्हणाले लावून दाखव. त्याने लावून दाखवला, नेट काही आलं नाही, आणि मग काय, राउटर ३२००, केबल ५०० आणि 'कॉन्फिगरेशन' ७०० असे ४४०० रुपये यूपीआयने गेले, ते पण त्याच्या पर्सनल नंबरवर, बिल वगैरे काही नाही.

बाबांनी "हा बघ, तुझा राउटर चालत नाही" म्हणून मला व्हॉट्सॲपला फोटो टाकला होता. तो झूम करून बघितला तर वायर पिवळ्या पोर्टात, आणि शेजारचा निळा पोर्ट मोकळा! निळा म्हणजे वॅन, बाहेरचं नेट आत यायचा रस्ता. पिवळे ते लॅन, घरातले कॉम्प्युटर टीव्ही जोडायला. त्यात कंपनीने भिंतीवर लावलेल्या फायबरच्या डब्याचा नेटवर्कातला पत्ता (आयपी) १९२.१६८.१.१ आणि माझ्या राउटरचाही तोच, म्हणजे एकाच नेटवर्कात दोघंही मीच मालक म्हणून बसलेले, दोघंही मोबाईलला आयपी वाटतायत, नेट येणार कुठून. रोज हेच काम करणाऱ्याला निळा पिवळा कळत नाही यावर माझा तरी विश्वास नाही.

यांचं फावतं कशामुळे, तर बोलण्यात अर्धं खरं असतं. भिंतीवरचा तो पांढरा डबा, ओएनटी म्हणतात त्याला, तो खरंच कंपनीचाच लागतो, कारण त्याचा सिरियल नंबर त्यांच्या सिस्टिमला रजिस्टर असतो आणि फायबरमधला प्रकाश तोच वाचतो. पण त्याच्या पुढे काय लावायचं तो तुमचा प्रश्न. ओएनटीच्या लॅन पोर्टातून साधी वायर काढायची, आपल्या राउटरच्या वॅनमध्ये घालायची, राउटरच्या सेटिंगमध्ये डायनॅमिक आयपी (म्हणजे पत्ता आपोआप घे) ठेवायचं, झालं. दोघांचा पत्ता सारखा असेल तर आपल्या राउटरचा बदलून १९२.१६८.२.१ करायचा (बरेचसे नवीन राउटर हे आपोआप करतात). ओएनटी ब्रिज मोडवर असेल, म्हणजे स्वतः लॉगिन न करता नेट नुसतं पुढे सोडत असेल, तर आपल्या राउटरमध्ये पीपीपीओईचा (कंपनीच्या नेटला लॉगिन व्हायचा) युजरनेम पासवर्ड टाकावा लागतो, तो कस्टमर केअरला मागायचा. कधी कंपनीकडे जुन्या राउटरचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा ओळख नंबर) लॉक असतो, तोही तिकडूनच काढून मिळतो, आमचा फोनवरच काढला.

आता तो ३२०० वाला. खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात १२००, आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात पोर्ट १०/१०० एमबीपीएस. १२०० हा वायफायच्या दोन्ही बँडची (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) बेरीज करून छापलेला आकडा, वायरीतून १०० च्या वर काही येणारच नाही. प्लॅन ३०० चा आणि स्पीड टेस्ट ९३-९४ वर अडकलेली. गणपतीत गेलो तेव्हा म्हटलं आपलाच राउटर लावू, लावला, नीट निळ्या पोर्टात, तरी ९४ च! मग ती ५०० ची केबल हातात घेतली. पारदर्शक प्लग उजेडात धरला तर आत चारच तारा, नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी. निळी आणि तपकिरी बाहेरच्या बाहेर कापलेली. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. गावातल्या दुकानातून आठ तारांची साधी कॅट ६ आणली, लावली, २९० च्या पुढे.

नंतर कस्टमर केअर म्हणालं असा कुठलाही चार्ज आमच्याकडे नाही. फ्रँचायझीवाला म्हणाला तो मुलगा आता आमच्याकडे नसतो. मग यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि तो फोटो लावून लेखी तक्रार ईमेल केली, आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून नोंदवली. तेव्हा कुठे स्वारी हलली, राउटर परत घेऊन ३२०० दिले. केबलचे ५०० आणि कॉन्फिगरेशनचे ७०० अजून अडकलेत, उत्तर काय तर "काम तर केलंय ना आम्ही". चार तारा कापणे हे काम असेल तर केलंय खरं.

आणि हो, ज्यांनी असा राउटर आधीच घेतलाय त्यांनी त्याचा ॲडमिन पासवर्ड (राउटरची सेटिंग उघडायचा) तपासा. आमच्यात त्याने स्वतःचा टाकून ठेवला होता आणि रिमोट मॅनेजमेंट चालू होतं, म्हणजे बाहेर बसून घरचा राउटर उघडता येईल अशी सोय. मागच्या बारीक भोकात टाचणी दाबून रिसेट करा, वायफायचा आणि ॲडमिनचा दोन्ही पासवर्ड नवे टाका आणि ते रिमोट बंद करा.