'द गिव्हर'चं एकोणिसावं प्रकरण मुलांना एकट्याने वाचायला देऊ नका

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक सातवीत आहे आणि यंदा तिच्या वर्गाला लोइस लाउरी यांची 'द गिव्हर' लागली आहे. १९९३ची कादंबरी, १९९४चं न्यूबेरी पदक (अमेरिकेतला बालसाहित्याचा मानाचा पुरस्कार) मिळालेली. इथल्या सहावी-सातवी-आठवीच्या वर्गांत ती वर्षानुवर्षं वाचली जाते आणि पालक तितक्याच नेटाने तिच्याविरुद्ध तक्रारीही करतात. मी दोन रात्रींत संपवली. (पुढे कथानक उघड केलं आहे.)

बारा वर्षांच्या जोनसच्या गावात भूक नाही, भांडण नाही, रंगसुद्धा नाहीत. लग्न, मुलं, काम, सगळं वडीलधारे ठरवून देतात. जुन्या जगाच्या आठवणी एकट्या म्हाताऱ्याजवळ आहेत, त्या आता जोनसकडे यायच्या. लाउरीबाई गाव भेसूर रंगवत नाहीत, हे मला फार आवडलं. लोक अदबीने बोलतात, चुकलं की लगेच माफी मागतात. "आई, किती छान राहतात गं हे लोक," लेक सुरुवातीला म्हणाली होती.

जोनस घरी विचारतो, तुमचं माझ्यावर प्रेम आहे का? वडील हसून म्हणतात, शब्द नेमका वापर. त्यापेक्षा 'माझ्या कामगिरीचा अभिमान वाटतो का' असं विचार, म्हणे. त्या संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर एकेक शब्द निघत गेला: माया, जिव्हाळा, जीव लावणं, लळा. 'लळा' तिला माहीत नव्हता. मांजरीला तुझा लळा आहे म्हटल्यावर झटकन कळला.

माझी तक्रार आहे ती शाळेबद्दल. जोनसचे वडील तान्ह्या बाळांना सांभाळायचं काम करतात. एकोणिसाव्या प्रकरणात ते जुळ्यांपैकी वजनाने कमी भरलेल्या बाळाच्या कपाळाच्या शिरेत सुई टोचतात, लाडे लाडे बोलत. मग खोक्यात घालून कचऱ्यासारखं ढकलून देतात आणि बाय-बाय म्हणतात. हे प्रकरण लेकीला शुक्रवारी गृहपाठ म्हणून मिळालं, सोबत सात प्रश्नांची वर्कशीट. रात्री साडेदहाला ती माझ्या खोलीत आली, बोट त्या पानात तसंच अडकलेलं. "बाबा आहेत ना ते? त्यांना कळतच नाहीये का, आई?"

वर्कशीटवर हा प्रश्न नव्हता. सोमवारी दहा मिनिटांत उत्तरं तपासून वर्ग पुढे सरकला. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: हे प्रकरण वर्गातच मोठ्याने वाचा, अख्खा तास त्यासाठी राखून ठेवा.

पुस्तक मात्र जरूर घ्या. शेवटी जोनस छोट्या गॅब्रिएलला, वडिलांनी सांभाळायला घरी आणलेल्या बाळाला, घेऊन बर्फातून खाली निघतो, दूर दिवे दिसतात, गाणं ऐकू येतं. लेकीच्या मते दोघं पोचले, तिच्या मैत्रिणीच्या मते थंडीने गेले. पुढच्या भागांत याचं उत्तर आहे हे मी अजून सांगितलेलं नाही. दोघी फोनवर अजून वाद घालताहेत.