टेनिस एल्बो: सुई, सराव की नुसतं थांबणं?

कोपराच्या बाहेरच्या हाडावर बोट दाबलं की कळ येते. भरलेला कप उचलताना हात दगा देतो. ओली चादर पिळायची, कुकरचं झाकण लावायचं किंवा कुणाशी हात मिळवायचा म्हटलं तरी धास्ती वाटते. डॉक्टर बघतात आणि म्हणतात, टेनिस एल्बो. आपण म्हणतो, अहो, मी जन्मात रॅकेट धरली नाही!

नाव चुकीच्या माणसांवरून पडलंय, एवढंच. १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरनं हे दुखणं पहिल्यांदा नोंदवलं ते लिहिणाऱ्या माणसाच्या हातात. टेनिसचा शिक्का बसला नंतर, १८८२च्या सुमाराला इंग्लंडमध्ये. आज हे दुखणं घेऊन येणारे बहुतेक जण चाळिशी-पन्नाशीचे, पोळ्या लाटणारे, पाने-पेचकस फिरवणारे, दिवसभर माउस धरणारे असतात.

माझं उजवं कोपर गेलं ते घर बदलताना. पुस्तकांची खोकी बांधली, उचलली, मग नव्या घरात तीन दिवस फळ्या ठोकल्या. चौथ्या दिवशी दूध तापवायला पातेलं उचललं आणि खाली ठेवलं. पुढे मी स्टिरॉइडचं, म्हणजे सूज दाबणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन घेतलं, आठवड्यात खडखडीत बरा झालो, भेटेल त्याला इंजेक्शनचे गोडवे सांगत सुटलो. साधारण दोन महिन्यांनी दुखणं परत आलं, आणि पहिल्यापेक्षा हट्टी होऊन आलं. त्यानंतर मी जे वाचलं, विचारलं आणि करून पाहिलं ते आधी कळलं असतं तर निर्णय वेगळा घेतला असता.

दुखतं ते नेमकं काय?

लोक ‘शीर दुखतेय’ म्हणतात, पण ही रक्ताची शीर नाही. स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी असते, ती कंडरा. मनगट वर उचलणारा स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला ज्या कंडरेनं बांधलेला असतो, ती इथे कुरकुरते. मूठ आवळताना मनगट खाली कोसळू नये म्हणून हाच स्नायू ते धरून ठेवतो. म्हणून मनगट न हलवताही, नुसती पकड घट्ट केली तरी कळ कोपरात उठते.

जुनी समजूत अशी की कंडरेला सूज आलीय, सूज मारली की काम झालं. पण बरेच दिवस दुखणाऱ्या कंडरेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर दाहाच्या नेहमीच्या पेशी फारशा दिसत नाहीत. दिसतात ते विस्कटलेले तंतू. एकसारखा वळलेला सुंभ उकलून भुसभुशीत व्हावा तसे. आलेला भार झेलून स्वतःला दुरुस्त करण्याचं काम मागे पडलंय, असा त्याचा अर्थ.

आणि मागे का पडतं? एकूण काम जास्त झालं म्हणून नव्हे, ते अचानक वाढलं म्हणून. वर्षानुवर्षं रोज तीस पोळ्या लाटणाऱ्या बाईचं कोपर त्या तीस पोळ्यांनी दुखत नाही. दिवाळीच्या आठवड्यात चकलीचा सोऱ्या, करंज्या आणि पडदे धुणं एकदम अंगावर आलं की दुखतं. सरावाला स्नायू लवकर साथ देतो, कंडरा रेंगाळते. टाचेमागच्या कंडरेवर डेन्मार्कमध्ये झालेला एक अभ्यास २०१३ साली आला. १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग त्यात काढला होता. कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि नंतर जवळजवळ बदलतच नाही, असं त्यात आढळलं. कोपराला हे जसंच्या तसं लावता येणार नाही, पण कंडरा घाईला का दाद देत नाही याचा अंदाज येतो.

वाढतं वय, मधुमेह आणि धूम्रपान या दुरुस्तीत आणखी खोडा घालतात. एक गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. जुलाब झाले की दुकानातून परस्पर आणून घेतल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीच्या अँटिबायोटिक गोळ्यांनी कंडरा दुखावू शकतात, तुटूही शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ साली या औषधांवर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. धोका साठीपुढच्यांना आणि स्टिरॉइड चालू असलेल्यांना जास्त, आणि फटका बहुधा टाचेमागच्या कंडरेला बसतो.

तीन वाटा, समोरासमोर

२००२ साली नेदरलँड्समध्ये १८५ रुग्णांवर झालेली चाचणी या प्रश्नासाठी सोन्यासारखी आहे. एका गटाला स्टिरॉइडचं इंजेक्शन, दुसऱ्याला फिजिओथेरपी (मालिश, अल्ट्रासाउंड आणि व्यायाम), तिसऱ्याला फक्त सल्ला आणि लागलीच तर वेदनाशामक गोळी. ‘पूर्ण बरा’ किंवा ‘खूपच बरा’ म्हणणारे किती, ते असं:

| वाट | ६ आठवड्यांनी | वर्षानं |
|---|---|---|
| इंजेक्शन | ९२ टक्के | ६९ टक्के |
| फिजिओथेरपी | ४७ टक्के | ९१ टक्के |
| नुसतं थांबणं | ३२ टक्के | ८३ टक्के |

दोन्ही स्तंभ नीट बघा. डॉक्टरकडे आपण पहिल्या स्तंभाच्या मनःस्थितीत जातो आणि राहतो दुसऱ्या स्तंभात.

हा एकदाचा योगायोग नव्हता. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला २००६ साली १९८ जणांवर चाचणी झाली. त्यात इंजेक्शननं सुरुवातीला बरे झालेल्यांपैकी ७२ टक्के लोकांचं दुखणं पुढे उलटलं. तिथल्याच संशोधकांनी २०१३ साली १६५ जणांत स्टिरॉइडची तुलना नुसत्या सलाइनच्या सुईशी केली. वर्षभरात दुखणं उलटलेले स्टिरॉइडच्या गटात ५४ टक्के, सलाइनच्या गटात १२ टक्के. म्हणजे मिठाच्या पाण्यानं स्टिरॉइडला हरवलं.

मला वाटतं यात औषधाइतकाच आपलाही दोष असावा. दुखणं गायब झालं की माणूस दुसऱ्या दिवशी बादली उचलतो. कंडरा तशीच विस्कटलेली, फक्त ओरडणं बंद केलेली. मी नेमकं हेच केलं.

सरावाची, म्हणजे व्यायामाची, बाजू घेताना पण खोटं बोलायला नको. नेदरलँड्सच्या त्या चाचणीत वर्षाअखेरचा ९१ आणि ८३ हा फरक ठाम म्हणावा इतका नव्हता, आणि २०१३च्या चाचणीतही वर्षानं फिजिओथेरपीचा वेगळा फायदा उरला नाही. बहुतेकांचं टेनिस एल्बो वर्षभरात आपोआप निवळतं. मग मनगटाचे व्यायाम कशाला? मधले महिने जरा सुसह्य जातात म्हणून, आणि हाताची ताकद उतरू नये म्हणून. हात जपून जपून दुबळा झाला की पुढच्या दिवाळीत पुन्हा तेच.

मग कुणी काय निवडावं?

स्वतःला एकच प्रश्न विचारा: हात मला कधी हवाय? पंधरा दिवसांवर तबल्याची मैफल आहे आणि ती टळणारच नाही, अशा माणसाला मी इंजेक्शन घेऊ नका म्हणणार नाही. पुढचे सहा महिने काय होऊ शकतं ते त्यानं डोळे उघडे ठेवून पत्करावं, आणि मैफल झाल्यावर हात गप्प आहे म्हणून खोकी उचलू नयेत. दुखणं उलटलं की दुसरं, मग तिसरं इंजेक्शन, या चक्रात मात्र शिरूच नये.

दुखणं नुकतं सुरू झालंय, रात्रीची झोप लागते, काम कसंबसं होतं, असं असेल तर थांबणं हा आळस नाही. पण थांबणं म्हणजे हात गळ्यात बांधून बसणंही नाही. वस्तू तळहात वरच्या बाजूला ठेवून उचला. कुकर आणि बादली दोन्ही हातांनी. चादर पिळण्याऐवजी निथळत ठेवा. लाटण्याची पकड सैल करा, पेचकसाच्या बारीक मुठीला कापड गुंडाळून ती जाड करा. कोपराखाली बांधायचा पट्टा काहींना कामाच्या वेळी आराम देतो. रात्री काढून ठेवावा. गरम पाण्याची पिशवी आवडत असेल तर घ्या. तिनं बिघडत नाही, कंडराही सुधारत नाही.

सहा-आठ आठवडे झाले आणि दुखणं हलत नाही, किंवा हातावरच पोट आहे, तर सराव. पहिल्यांदा फिजिओकडून शिकून घ्या. पुढे घरी जमतं. हात टेबलावर, कोपर वाकलेलं, तळहात खाली, मनगट कडेच्या बाहेर. मुठीत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. सुरुवातीला मनगट सरळ रेषेत नुसतं धरून ठेवायचं, तीस-चाळीस सेकंद, चार-पाच वेळा. ते सोपं झालं की दुसऱ्या हातानं मनगट वर आणायचं आणि दुखऱ्या हातानं तीन-चार आकडे मोजत हळूहळू खाली सोडायचं. पंधराची तीन आवर्तनं. मग भार थोडा थोडा वाढवायचा, कोपर सरळ करत न्यायचं.

थोडं दुखणारच. दहापैकी तीन-चारपर्यंत चालतं, दुसऱ्या सकाळपर्यंत ते मूळपदावर यायला हवं. नाही आलं तर भार कमी, सराव बंद नव्हे. बारा आठवडे धरून चाला. मला तिसऱ्या आठवड्यात काडीचा फरक वाटत नव्हता, आणि बहुतेक लोक सोडतात ते तिथेच.

महागड्या वाटा

स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट टोचण्याचा, म्हणजे पीआरपीचा, सध्या बोलबाला आहे. कॉक्रेन ही उपचारांचे पुरावे तपासणारी संस्था. तिच्या २०२१च्या आढाव्यानं बऱ्याच चाचण्या एकत्र पाहिल्या आणि टेनिस एल्बोत त्याचा खोट्या इंजेक्शनपेक्षा बहुधा फायदा नाही असं म्हटलं. मी त्यावर पैसे घालणार नाही.

ऑपरेशनचा विषय निघाला की आपल्याकडे कुणीतरी सचिनचं नाव काढतंच. खरंय, मे २००५मध्ये लंडनला त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबरात नागपूरला श्रीलंकेविरुद्ध परतताना त्यानं ९३ काढल्या. पण जड बॅट हा त्याचा धंदा होता आणि आपली तुलना तिथे संपते. ऑस्ट्रेलियात २०१८ साली छापलेल्या छोट्या चाचणीत २६ रुग्णांपैकी काहींची खरी शस्त्रक्रिया केली, काहींना फक्त कातडीला छेद दिला. फरक दिसला नाही. सहा-बारा महिने नीट सराव करूनही काही न हललेल्यांपुरताच हा विषय ठेवावा.

हातात मुंग्या किंवा बधिरपणा, मानेतून उतरणारी कळ, कोपर अडकणं, लाली आणि ताप यांपैकी काही असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरला दाखवा. ते टेनिस एल्बो नसू शकतं.

आम्हाला मार्चमध्ये पुन्हा घर बदलायचंय. या वेळी पुस्तकं जानेवारीपासूनच बांधायला काढलीत. रोज दोन खोकी, लहान आकाराची.