डिकँटर घेताय? आधी साबणाने धुऊन दाखवायला सांगा

मुंबईच्या चोरबाजारात जुनी काच घ्यायला जाणाऱ्यांसाठी हे लिहितेय. घासाघीस करण्यात मी कमी नाही, त्यामुळे किमतीचं एवढं वाईट वाटत नाही. मला गंडवलं ते ही काच जपायची कशी, याचा सल्ला देऊन.

दादा बँकेतून निवृत्त होणार होता. संध्याकाळी मोजून एक पेग घेणारा, आणि परमिटसुद्धा जपून ठेवणारा माणूस. त्याला व्हिस्कीसाठी डिकँटर, म्हणजे दारू ओतून ठेवायची बुचाची काचेची बाटली, द्यायचा म्हणून चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर गेले. एका दुकानात, पितळी समयांच्या मागे, कापीव नक्षीचा एक जडशीळ डिकँटर दिसला. टिचकी मारली की मस्त घणघणायचा. ‘बेल्जियम का क्रिस्टल है मॅडम, पारसी के घर का माल.’ (या बाजारात प्रत्येक काच बेल्जियमची आणि प्रत्येक घर पारशाचं.) सात हजारांवरून साडेचार हजारांवर आला. पैसे क्यूआर कोडवर दिले. कागदात गुंडाळताना तो अगदी काळजीने म्हणाला, ‘साबुन मत लगाना. गरम पानी तो बिलकुल नहीं. सूखा कपडा मारो, बस.’

यातलं निम्मं खरं आहे. उकळतं पाणी ओतलं तर जाड कापीव काच तडकते, डिशवॉशरमध्ये तर ती कधीच घालू नये. म्हणूनच उरलेलं निम्मं खटकलं नाही.

पण दादा दुकानातून आलेलं कुठलंही भांडं न धुता वापरणार नाही. त्याने कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब घालून डिकँटर हलवला, तर पाण्यावर तेलाचा तवंग आला. उलटा करून वाळत ठेवला आणि सकाळी फोन, ‘अगं, ही बाटली आतून आंधळी झालीय!’ तळापासून खांद्यापर्यंत दुधी झाक, आणि मधोमध जुन्या दारूच्या पातळीची गोल रेघ.

वहिनीला वाटलं क्षार असतील. महापालिकेचं तलावाचं पाणी तसं मऊ असतं, पण त्यांच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात. तिने रात्रभर व्हिनेगर भरून ठेवलं, मग त्यातच मूठभर कच्चे तांदूळ टाकून गोल गोल फिरवलं, शेवटी लिंबूसत्त्वही झालं. क्षार असते तर एवढ्यात निघाले असते. झाक तशीच.

तो डाग नव्हताच. बाटलीत ओल वर्षानुवर्षं राहिली की पाणी काचेतले सोडियम-पोटॅशियमसारखे घटक ओढून घेतं आणि आतला पृष्ठभाग बारीक बारीक खडबडीत होतो. अशा काचेवरून प्रकाश विखुरतो, म्हणून ती दुधी दिसते. आतून तेलाचा पातळ हात दिला की ते खळगे भरतात आणि काच पुन्हा लख्ख दिसते. बाथरूमच्या धुरकट काचेवर पाणी उडालं की पलीकडचं दिसायला लागतं ना, तसंच. साबण लागला की नाटक संपलं.

परत गेले तर तो माझ्यावरच डाफरला, ‘धोया? बोला था ना मत धोना!’ म्हणजे त्याचा सल्ला हाच त्याचा बचाव. बिल नव्हतं, क्यूआर तिसऱ्याच माणसाच्या नावाचा. बदल्यात एक पितळी घंटा देऊ केली. मी नाही घेतली. मग ॲसिडने चकाचक करून देतो म्हणणारा एक जण भेटला. संडासाच्या ॲसिडने ही झाक जात नाही. काच खाणारं हायड्रोफ्लोरिक ॲसिड कारखान्यात वापरतात, घराजवळ आणायची ती वस्तू नव्हे. आतून यंत्राने घासून पॉलिश करणं हा एकच उपाय, आणि तो बाटलीपेक्षा महाग पडू शकतो.

तेव्हा दुकानात टिश्यू पेपर गुंडाळलेलं बोट मानेत घालून फिरवा. तेलकट लागलं तर तिथूनच परत फिरा. ओलसर असेल तरीही थांबा, कारण पाण्यानेही झाक लपते. कोरडी बाटली मोबाइलच्या टॉर्चवर धरून बघा. जुन्या डिकँटरच्या बुचावर आणि मानेवर बरेचदा एकच आकडा कोरलेला असतो. आमच्या बुचावर २७ होता, मानेवर १४. ते मला घरी दिसलं. टिचकीच्या आवाजावर भाळू नका, त्यावरून फार तर काचेत शिसं असेल एवढा अंदाज येतो, वय किंवा देश नाही. आणि ‘आतून स्वच्छ, बूच मूळचं’ एवढं बिलावर नाही तर निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा पैसे दिल्याचा पुरावा होता, पण काय सांगून विकलं याचा काहीच नव्हता.

शिशावरून आणखी एक. युरोपच्या १९६९च्या नियमानुसार लेड क्रिस्टलमध्ये, म्हणजे शिसं घातलेल्या काचेत, किमान २४ टक्के लेड ऑक्साइड लागतं, आणि त्यातलं शिसं दारूत उतरतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९१ मध्ये पोर्ट वाइन महिनोन्महिने तशा डिकँटरमध्ये ठेवून हे दाखवलं. म्हणून दारू डिकँटरमध्ये पाहुणे येण्याआधीच ओतावी, उरलेली रात्री मूळ बाटलीत परत. आंबट पदार्थात शिसं अधिक उतरतं, त्यामुळे उन्हाळ्यात त्यात कोकम सरबत भरून फ्रिजमध्ये ठेवायचा वहिनीचा बेत दादाने तिथेच मोडला.