भंडारदऱ्यात भाड्याने: दिवाळी ते गणपती

पाट्यांवर सगळीकडे भंडारदरा असलं, तरी भाड्याची खोली शोधायची ती धरणाजवळच्या शेंडी गावात. दुकानं, एसटीचा थांबा, बाजारपेठ सगळं तिथेच. ऑनलाइन शोधून हाती काही लागत नाही. टपरीवर चहा घेत विचारायचं. मला दोन खोल्या, ओटा, मागे संडास-बाथरूम आणि वर पत्रा असं घर महिना साडेचार हजारात मिळालं. गॅसचं कनेक्शन घेण्याच्या भानगडीत पडलो नाही. पाच किलोच्या छोट्या सिलिंडरला पत्त्याचा पुरावा लागत नाही, एकट्याला तो पुरतो.

थंडीबद्दल फार लिहीत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथे कोणालाही आवडेल.

खरी गंमत उन्हाळ्यात. प्रवरेवरचं हे धरण 1926 सालचं, साठा साधारण अकरा टीएमसी. पण ते पाणी खाली संगमनेर-राहुरीच्या शेतीचं. मे महिन्यात जलाशय आटत जातो, काठाला भेगाळलेला गाळ उघडा पडतो आणि आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी, तेही तासभर. धरण उशाला, कोरड घशाला! खोली बघताना खिडकीतून तलाव दिसतो का, हे नंतर विचारा. टाकी किती लिटरची, ते आधी.

मेअखेरीस काजवे सुरू होतात आणि सगळ्या गावाचं लॉज होतं. एका रात्रीत पर्यटकाकडून जे मिळतं, त्यासाठी माझ्याकडे आठवडाभर थांबावं लागतं, हे मालकांनाही कळतं. "दादा, तेवढे दोन शनिवार-रविवार घरी जाऊन येता का? पार्टी आलीय," असं त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं. सामान कपाटात कोंबून गेलो. भाडं मात्र पूर्ण महिन्याचं घेतलं. पंधरा ऑगस्टला पुन्हा तेच विचारलं, तेव्हा नाही म्हणालो. तसंही त्या दिवशी गाड्यांच्या रांगेतून बाहेर पडणं अवघडच होतं.

पावसाळा ज्याला जमला त्यालाच हे गाव जमलं. पत्र्यावर असा कोसळतो की फोनवर बोलता येत नाही. पट्टा, बॅग, पुस्तकांच्या कडा, सगळ्यावर हिरवट बुरशी. पापडसुद्धा मऊ. कपडे वाळायचे ते शेजारच्या मावशींच्या चुलीवर बांधलेल्या दोरीवर, त्यामुळे दोन महिने माझ्या सगळ्या शर्टांना धुराचा वास होता. (ऑनलाइन मीटिंगला वास जात नाही, हे बरं.) वीज गेली की काही तासांनी टॉवरही मान टाकतो. घरून काम करणाऱ्याने इन्व्हर्टर आणि दोन कंपन्यांची सिम ठेवावीत, आणि महत्त्वाच्या कामाच्या दिवशी सरळ घोटी किंवा नाशिक गाठावं. जुलैत छप्पर गळू लागलं तर मिस्त्री मिळत नाही. भाताची आवणी चालू असते, सगळं गाव चिखलात. डागडुजी मेमध्येच उरकून घ्या. मोठ्या दुखण्याला शेवटी नाशिकच, आणि तिथवर दोन तास धरून चाला.

माणसांबद्दल तक्रार नाही. मावशींनी नागलीची भाकरी आणि खेकड्याचा रस्सा किती वेळा पाठवला, हिशेब नाही. राजूरच्या आठवडे बाजारातून भाजी आणायला कोणी ना कोणी गाडीवर मागे बसवून नेतंच.

दिवाळीला करार संपतोय, मी पुन्हा करतोय. या वेळी नोंदणी करून घेणार आणि काजव्यांच्या दिवसांत खोली सोडायची असेल तर त्या महिन्याचं भाडं निम्मं, असं त्यात लिहायला सांगितलंय. मालक "बघू" म्हणालेत.